केप्नरसाहेबांचा फोन वाजत राहिला

माझे बाबा आणि माझी माद्रीना कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. तरी दिवसभर त्यांचं बोलणं चाले ते एकमेकांशीच, फक्त माझ्यामार्फत.

माद्रीना म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी जिने मला हातात धरलं ती, दोन्या प्रोवी. दोन्या म्हणजे बाईसाहेब. तिचं घर आमच्या घराला लागून. दोन्ही व्हरांडे समोरासमोर, मध्ये केळीची एक रांग. सकाळी बाबा त्यांच्या चाकांच्या खुर्चीत कॉफी पीत बसत आणि पलीकडे ती तिची कॉफी घेऊन बसे. मी आमच्या व्हरांड्यातच बायकांचे केस कापते, रंगवते. त्यामुळे दोघांचे निरोप न्यायला मी आयतीच मधे सापडलेली.

"नेरेइदा, तुझ्या बापाला सांग, रेडिओ हळू लाव म्हणावं. माझ्या कोंबड्यांनी अंडी घालायचं सोडलंय."

"नेरेइदा, तिला सांग, कोंबड्या म्हाताऱ्या झाल्यात. मालकिणीवर गेल्यात."

मी कोणाला काही सांगत नसे. केसांना रंग लावत राही. दोघांनाही सगळं ऐकू येतच होतं.

भांडण डॉमिनोवरून झालेलं. गावच्या संताच्या जत्रेत दोघं जोडीदार होते. माद्रीनाने डबल-सहा ही सोंगटी नको तेव्हा टाकली, निदान बाबांचं तसं म्हणणं, आणि ते भर चौकात ओरडले, "शाळेत भात ढवळणाऱ्या हाताला डॉमिनो काय कळणार!" माद्रीना उठली. हातातल्या सोंगट्या तिने बाबांच्या मांडीवर ओतल्या आणि ती तडक घरी गेली. अख्ख्या गावाच्या पोरांना तिने शाळेच्या स्वयंपाकघरात जेवू घातलेलं, त्यांच्यादेखत हा अपमान. तो दिवस आणि पुढचे सगळे दिवस अबोला.

आमचं गाव ओयो क्लारो, पोर्तो रिकोच्या डोंगरात वर. बेट अमेरिकेचं, पण अमेरिकेचं राज्य नाही. कॉफीचे मळे, एक चर्च, एक दवाखाना. दवाखान्यात डॉक्टर याहाइरा. ती इथलीच पोरगी. चर्चमधल्या तिच्या पहिल्या कम्युनियनला तिचे केस मीच कापले होते, आणि जरा जास्तच कापले होते. शिकून ती परत आली याचं गावाला एवढं कौतुक की सर्दी नसली तरी म्हातारी माणसं तिला भेटायला जाऊन बसत.

सप्टेंबरात एका सकाळी मी बाबांना घेऊन दवाखान्यात गेले. साखरेने त्यांचा एक पाय आधीच नेलेला, दुसऱ्याची तपासणी असते. माद्रीनाही तिथे होती. तिलाही साखर. दोघं दोन भिंतींना पाठ लावून बसले. तेवढ्यात याहाइरा बाहेर आली. आत कोणाला न बोलावता ती सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली.

"तुम्हाला एक सांगायचंय," ती म्हणाली. "बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे. आपल्या सरकारी विम्याच्या कार्डामागे वॉशिंग्टनचा पैसा असतो. तिकडच्या राज्यांत गरिबांच्या औषधपाण्याचं बिल वाढलं की केंद्र सरकारचा वाटाही वाढतो. आपल्या बेटाच्या वाट्यावर मात्र झाकण आहे. भांडं भरलं की संपलं. मग संसद दोन-चार वर्षांसाठी थोडं जास्त ओतते, ती मुदत संपली की आपण पुन्हा वाडगं घेऊन दारात. या डिसेंबरात मुदत संपतेय."

"आणि पुढची नाही दिली तर?" कोणीतरी विचारलं.

"तर डोंगरातले दवाखाने आधी बंद होतील." तिने गळ्यातला स्टेथोस्कोप काढून हातात घेतला. "मला तिकडे ऑर्लँडोच्या इस्पितळातून बोलावणं आहे. मी त्यांना अजून नाही म्हटलेलं नाही."

मग माद्रीना म्हणाली, "तू गेलीस तर माझी साखर कोण बघणार गं? ऑर्लँडोच्या दलदलीतली मगर?"

हसायची वेळ नव्हती, तरी सगळे हसले. याहाइराही हसली आणि तिने पटकन डोळे पुसले. मग तिने सांगितलं, सान हुआनमध्ये रुग्णांची एक संघटना आहे. ते नोव्हेंबरात वॉशिंग्टनला जाऊन खासदारांना भेटणार आहेत. डोंगरातून त्यांना दोन बोलकी माणसं हवीत.

सगळ्यांच्या माना माद्रीनाकडे वळल्या. ती लाजलीबिजली नाही.

"तिथे आपला खासदार कोण?" तिने विचारलं.

"आपण मत देऊ शकत नाही, दोन्या प्रोवी. आपला एक प्रतिनिधी बसतो तिथे. त्याला बोलता येतं, पण शेवटच्या मतदानात त्याचं मत नसतं."

"म्हणजे जेवायला बोलावलंय, पण ताट नाही मांडलेलं."

"अगदी तसंच."

"मग ज्यांची ताटं मांडलीत ते कोणाचं ऐकतात?"

"त्यांना निवडून देणाऱ्यांचं."

माद्रीना एवढ्या मोठ्याने हसली की आतला पेशंट शर्टाची बटणं लावत बाहेर आला.

तिला काय सुचलं ते मला लगेच कळलं. ओयो क्लारोचं अर्धं गाव पेनसिल्व्हेनियातल्या एका गावात राहतं. आधी कोणी एक अळिंबीच्या शेडमध्ये कामाला गेला, मग त्याने भावाला बोलावलं, भावाने मेव्हण्याला. मीही लग्नानंतर तिथे राहून आले. नवरा तिथेच सोडून आले आणि इंग्रजी घेऊन आले. सौदा वाईट नव्हता. तिकडे गेलेली आमची माणसं तिथे राहतात म्हणून मत देतात. आणि त्यांचा खासदार, केप्नर नावाचा, आरोग्याच्या पैशाचं ठरवणाऱ्या समितीवर होता. हे संघटनेच्या आयलीनने फोनवर सांगितलं, तेव्हा माद्रीनाने मांडीवर थाप मारली.

पण तिकडे माद्रीनाची माणसं मोजकीच. बहीण हिल्दा आणि तिची दोन मुलं. बाबांचं मात्र अख्खं गोत्र तिथे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती केळीच्या रांगेतून वाट काढत आमच्याकडे आली. अंगात चर्चला जायचा झगा, पायात बंद बूट. बाबा डॉमिनोच्या सोंगट्या एकटेच मांडत बसले होते.

"तेयो," ती म्हणाली.

बाबांनी मान वर केली नाही. "नेरेइदा, बघ, कोणीतरी आलंय."

"कोणीतरी नाही, मी आलेय. मला तुझी माणसं हवीत."

"कसली माणसं?" बाबा म्हणाले, आणि आपण थेट तिच्याशी बोललो हे लक्षात येऊन खोकल्याचं नाटक करू लागले.

माद्रीनाने न विचारता खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. बाबा ऐकत होते. सोंगटी बोटांत फिरवत होते. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. पण आधी कबूल कर, डबल-सहा चुकला."

"जीव गेला तरी करणार नाही. तूच कबूल कर, तू बोललास ते चुकलं."

मी कात्री खाली ठेवली. समोरच्या गिऱ्हाइकाने ओल्या केसांनिशी मान वळवली. बाबांनी बोटांतली सोंगटी खाली ठेवली.

"तुझ्या भाताला मी कधी नावं ठेवली नाहीत, प्रोवी," ते म्हणाले. "माझी सगळी पोरं त्याच्यावर वाढली."

माझ्या बापाच्या भाषेत हे लोटांगण होतं. माद्रीनाला ते कळलं. तिने नाक ओढलं आणि हात पुढे केला. "मग फोन दे इकडे."

पुढचे काही आठवडे आमचा व्हरांडा म्हणजे टेलिफोन कचेरी झाली.

"एलाडिओ? मी तेयोकाका. नाही रे, मेलो नाही. मेलो असतो तर फोन कसा केला असता? ऐक. उद्या सकाळी तुमच्या खासदाराच्या कचेरीत फोन लाव. काय सांगायचं? सांग, माझ्या काकाचा एक पाय साखरेने नेलाय, दुसरा त्याला ठेवायचाय. बेटाचा पैसा वाढवा म्हणावं. आणि कुठून बोलतोय ते सांग. ओयो क्लारो. नीट उच्चार कर, बापाचं गाव आहे ते."

लगेच माद्रीना फोन हिसकावून घेई. "बायकोलाही करायला लाव. सासूलाही. भांडकुदळ आहे ना ती? मग आधी तिलाच."

आठवडाभरात तिकडून बातम्या येऊ लागल्या. कचेरीतल्या बाईने फोन उचलला की आमच्या माणसांनी तोंड उघडायच्या आतच ती म्हणे, "ओयो क्लारो का?" मावशी हिल्दा दर मंगळवारी फोन करत होती आणि खासदार स्वतः फोनवर येईपर्यंत ठेवत नव्हती. दोनदा तो आलाही.

नोव्हेंबरात आम्ही निघालो. बाबांनी तिघांच्या पिशव्या खुर्चीच्या मागे लटकवायला लावल्या. "माझी खुर्ची सगळ्यांची हमाल," म्हणाले. दोन बोलकी माणसं म्हणजे माद्रीना आणि बाबा, मी दुभाषी. थंडीचे कोट चर्चच्या कपाटातून मिळाले. माद्रीनाच्या वाट्याला एका दांडग्या पुरुषाचा कोट आला, त्याच्या बाह्यांतून तिची बोटंच दिसत. विमान वॉशिंग्टनला टेकलं तसे बाबांनी आमच्याकडच्या रिवाजाने टाळ्या वाजवल्या. कोणी साथ दिली नाही. बाबांनी मागे वळून पाहिलं. "काय हो, उतरलो ना नीट? मग वाजवा की!" काय म्हणतायत ते कोणाला कळलं नसेल, पण मागच्या रांगेतल्या एका बाईने टाळी वाजवली, मग सगळ्या विमानाने.

सान हुआनच्या आयलीनने आम्हाला सगळं पढवलं होतं. प्रत्येकाने किती बोलायचं, कधी थांबायचं. "खासदाराला वेळ नसतो," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. "आणि दोन्या प्रोवी, कृपा करून त्यांना पोरा म्हणू नका."

"मी सगळ्यांना पोराच म्हणते. बिशपलाही म्हणाले होते."

केप्नरसाहेबांच्या कचेरीत टेबलामागे चेहऱ्यावर तांबूस ठिपके असलेली एक बाई बसलेली. आम्ही कुठून आलो म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, "ओयो क्लारो."

ती ताडकन उठली आणि आत ओरडली, "आले! ते आले!"

आतल्या खोल्यांतून माणसं बाहेर आली आणि आमच्याकडे टकामका बघू लागली. एकजण तर हात मिळवायला पुढे आला. त्याने आमच्या एलाडिओची खुशाली विचारली, गुडघा बरा आहे का म्हणून. इतके फोन घेऊन त्यांना आमच्या माणसांचे गुडघेही पाठ झाले होते.

मग केप्नरसाहेब आले. उंच, लांब हातांचा, वाकून बोलणारा माणूस. सगळ्यांशी हात मिळवून ते खुर्चीवर बसणार, तोच भिंतीवरची घंटा वाजू लागली.

"मतदान," ते म्हणाले. चेहऱ्यावर खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "मला जायलाच हवं. माफ करा."

आयलीनचा चेहरा पडला. माद्रीनाने मला कोपर मारलं. "विचार त्याला, वाटेत कान बंद ठेवतो का."

मी जमेल तेवढं सभ्य करून विचारलं. केप्नरसाहेब हसले. "चला माझ्याबरोबर. पण मी भरभर चालतो."

आम्ही निघालो. संसदेखालचे ते बोगदे लांबच लांब. मी बाबांची खुर्ची ढकलू, माद्रीनाचं इंग्रजी करू की धापा टाकू? शंभरेक पावलांतच आम्ही मागे पडलो. केप्नरसाहेब वळले, परत आले आणि त्यांनी माझ्या हातातून खुर्चीच्या मुठी घेतल्या.

"मी ढकलतो. तुम्ही बोला."

आणि निघाले की! खुर्चीमागे लटकलेल्या पिशव्या हेलकावे खाऊ लागल्या. बाबांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. "नेरेइदा! याला सांग, मी कॉफीची गोणी नाही!"

मी सांगितलं. मग त्यांचं उत्तर बाबांकडे आणलं, "ते म्हणतात, ते दूधवाल्याच्या घरात वाढलेत. कॅन ढकलायची सवय आहे."

"मग सांग, दूध नासलंय, सांभाळून ने."

केप्नरसाहेब मोठ्याने हसले. समोरून येणारी माणसं भिंतीला चिकटून वाट देत होती. माद्रीना त्या दांडग्या कोटात त्यांच्या बाजूने तुरुतुरु धावत बोलत होती. ती स्पॅनिशमध्ये पोरा म्हणे, मी इंग्रजीत साहेब करी.

"पोरा, माझी बहीण हिल्दा तुझ्या गावात राहते. आम्ही दोघी एका आईच्या. दोघींना साखर. दोघींकडे तुमचाच निळा पासपोर्ट. तिचं औषध सरकार देतं, बिल कितीही होवो. माझ्या औषधावर झाकण. उद्या मी तिच्या घरी राहायला गेले, तर माझ्यावरचंही झाकण निघेल. मग मला सांग, आजार माझ्या अंगात आहे का माझ्या पत्त्यात?"

मी भाषांतर केलं, तसे केप्नरसाहेब थांबले. एकदम थांबले, त्यामुळे बाबा पुढे कलले.

"हिल्दा," ते म्हणाले. "मंगळवारी फोन करतात त्या?"

"तीच."

"त्या मला अगदी असंच रागावतात."

"आमची आई याहून वाईट होती," माद्रीना म्हणाली.

सभागृहाच्या दाराशी त्यांनी खुर्ची भिंतीला लावून ठेवली, तिचा ब्रेकही लावला. "इथेच थांबा. मी परत येतो."

ते आत गेले. आयलीन हळूच म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. परत कोणी येत नसतं."

"येईल," बाबा म्हणाले. "माझी खुर्ची चालवायची मजा आलीय त्याला."

आणि आले. कपाळाचा घाम पुसत आले आणि आमच्या शेजारी बाकावर बसले. दवाखान्याचं विचारलं. याहाइरा किती शिकली, डोंगरातून दुसरा डॉक्टर किती लांब, रस्ता पावसात वाहून गेला की लोक काय करतात. आयलीनला हवं होतं ते सगळं तिने सांगितलं, आकड्यांनिशी, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. मग बाबांनी, कोणी विचारलं नसताना, आपली पँट वर करून दुसरा पाय दाखवला. "हा बघा. चांगला आहे. आमच्या डॉक्टर पोरीने वाचवलाय. हा असाच राहू दे, एवढंच."

केप्नरसाहेबांनी वाकून तो पाय नीट पाहिला.

"मी वचन देत नाही," ते म्हणाले. "ते एकट्या माझ्या हातात नाही."

मी माद्रीनाला सांगितलं. तिने हात झटकला. "वचनं नकोतच. आमच्याकडे निवडणुकीत ती पोत्याने मिळतात. तू फक्त मत दे. आणि शेजाऱ्यांना द्यायला लाव."

"आणि माझे फोन?"

"थांबतील. मत पडलं की."

परतताना विमानात दोघं शेजारी बसले आणि डबल-सहावरून भांडत राहिले. मी कानात कापूस घातला.

डिसेंबर उजाडला. आमच्याकडे तोवर नाताळ सुरूच झालेला असतो. घराघरांत केळीच्या पानांत पास्तेले, म्हणजे मांस भरलेल्या पुड्या, बांधायचं काम चाललेलं. माद्रीनाही आमच्या व्हरांड्यात बसून बांधत होती, बाबा दोरे कापून देत होते, एक दोरा मोठा, एक लहान, आणि ती करवादत होती. दुपारी आयलीनचा फोन आला. ती रडत होती का हसत होती, मला आधी कळेना.

"झालं," ती म्हणाली. "झाकण काढलं नाही त्यांनी. पण खूप वर उचललंय, आणि पुढची कित्येक वर्षं ते खाली येणार नाही. केप्नरसाहेबांनी मत दिलं. समितीत ते उभे राहून दोन बहिणींची गोष्ट बोलले."

मी मोठ्याने सांगितलं. माद्रीनाने हातातला पास्तेल खाली ठेवला, छातीवर क्रूसाची खूण केली आणि पहिल्यांदा मी तिला गप्प झालेलं पाहिलं. बाबांनी गप्प बसायचं नाव काढलं नाही. त्यांनी भिंतीवरची पांदेरेता, म्हणजे हातातली डफली, काढली आणि बडवायला सुरुवात केली. तो आवाज ऐकून वरच्या आळीतून दुसरी डफली उतरली, मग एक गिटार, मग टिनाचा खुळखुळा. माणसं वाढत गेली आणि सगळी वरात खुर्चीसकट दवाखान्याकडे वळली.

याहाइरा पायऱ्यांवर आली. गळ्यात स्टेथोस्कोप तसाच.

"काय झालं? कोणाला काय झालं?"

"तुला झालंय!" माद्रीना ओरडली. "आता ऑर्लँडोला सांग, आमची पोरगी येत नाही!"

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती पायऱ्यांवर मटकन बसली आणि ओंजळीत तोंड लपवून हसू लागली. बाबांनी तिच्या गुडघ्यावर डफली टेकवून ताल धरला. तिने तिथल्या तिथे ऑर्लँडोला फोन लावला. काय बोलली ते डफल्यांच्या आवाजात तिलाही ऐकू आलं नसेल, त्यांनाही नाही. पण फोन ठेवून ती नाचायला उतरली.

शाळेच्या स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं निघालं. माद्रीनाने तुरीचे हिरवे दाणे घातलेला भात केला, अंगण सुगंधाने भरलं. कोणीतरी अख्खं डुक्कर आणलं, कोणी नारळाच्या दुधाचं गोडधोड तेंब्लेके परातीने आणलं. मधेच हिल्दाचा फोन आला.

"हिल्दा, आता त्या माणसाला त्रास देऊ नकोस," माद्रीना म्हणाली.

"मग मंगळवारी मी करू काय?"

"आभार मानायला कर."

"तेवढ्याने मंगळवार संपतोय होय!"

सोमवारी दवाखाना उघडला तर बाहेर रांग रस्त्यापर्यंत. याहाइरा एकेकाला आत घेत होती, बोटाला सुई टोचत होती. थोड्या वेळाने ती कमरेवर हात ठेवून बाहेर आली.

"तेंब्लेके कोणी कोणी खाल्लं?"

सगळे जमिनीकडे बघू लागले. माद्रीना छताकडे.

"मी फक्त चाखलं," बाबा म्हणाले.

"वाटीने चाखलंत का परातीने?"

बाबांनी विचार केला. "परात जवळ होती."

कोणीतरी फिसकन हसलं आणि मग रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हसू पसरलं. याहाइराने रागावायचा फार प्रयत्न केला. ओठ आवळले, भुवया जवळ आणल्या. शेवटी तिने दार पाठीने उघडून धरलं.

"हसा. हसून घ्या. तुम्हाला सुधारायला मला आता भरपूर वर्षं मिळालीत. चला, पुढचा कोण?"

"प्रोवी," बाबा म्हणाले.

"तेयो," माद्रीना म्हणाली.

याहाइराने एका हाताने खुर्ची ओढली, दुसऱ्या हाताने माद्रीनाचं मनगट धरलं आणि दोघांनाही एकदमच आत नेलं.